चेल्टनहॅमचा अश्वशर्यत महोत्सव : पैजेचे गणित आणि आनंदाचे मोल

प्रस्तावना

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ३४ वे सूक्त हे द्यूतात सर्वस्व गमावलेल्या माणसाचे मनोगत आहे. महाभारताच्या सभापर्वात द्यूतामुळे राज्य, भाऊ आणि पत्नी पणाला लागतात. भारतीय साहित्यपरंपरेने पैजेकडे प्रामुख्याने व्यसन या नात्याने पाहिले, असे यावरून दिसते. ब्रिटन व आयर्लंड येथील ग्रामीण समाजात मात्र घोड्यांच्या शर्यतीवरील पैज हा दीर्घकाळ सणासुदीचा भाग मानला गेला. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यातील चेल्टनहॅम येथे दर मार्च महिन्यात भरणारा अश्वशर्यत महोत्सव हे त्याचे ठळक उदाहरण होय.

या महोत्सवात पैज लावणाऱ्यांचा समूह एकूण विचार करता तोट्यातच राहतो, हे पैजेच्या रचनेतच अंतर्भूत आहे. असे असूनही लाखो लोक तेथे स्वेच्छेने जातात आणि त्यांपैकी बरेच जण समाधानाने परततात. हा विरोधाभास केवळ ‘लोकांना गणित कळत नाही’ असे म्हणून सुटत नाही. प्रस्तुत लेखात चेल्टनहॅमच्या आधारे पैजेच्या भावाची रचना, पैज लावणाऱ्यांच्या लाभहानीचे स्वरूप आणि त्यातून मिळणाऱ्या आनंदाची कारणे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. आनंदाचे मोल आणि उपजीविकेचे साधन यांतील सीमारेषा पुसली गेली की काय घडते, हा या विवेचनाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

महोत्सवाचे स्वरूप

सपाट मैदानावरील शर्यत आणि अडथळ्यांची शर्यत असे अश्वशर्यतींचे दोन मुख्य प्रकार आहेत. चेल्टनहॅम हे दुसऱ्या प्रकाराचे सर्वोच्च केंद्र मानले जाते. क्लीव्ह टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या प्रेस्टबरी पार्क या मैदानावर १९११ पासून हा महोत्सव स्थिरावला. पूर्वी तो तीन दिवसांचा होता. २००५ पासून तो चार दिवसांचा झाला. रोज सात याप्रमाणे एकूण २८ शर्यती होतात. चॅम्पियन हर्डल ही शर्यत १९२७ मध्ये, तर आजच्या स्वरूपातील गोल्ड कप १९२४ मध्ये सुरू झाला. सव्वातीन मैलांहून अधिक अंतराच्या आणि २२ अडथळ्यांच्या गोल्ड कपला घोडेमालक, प्रशिक्षक व जॉकी यांच्या दृष्टीने अनन्यसाधारण महत्त्व आहे. १९३२ ते १९३६ अशी सलग पाच वर्षे तो जिंकणारा ‘गोल्डन मिलर’ आणि १९६४ ते १९६६ अशी तीन वर्षे जिंकणारा आयरिश घोडा ‘आर्कल’ यांची नावे तेथील लोकस्मृतीत आजही टिकून आहेत.

या मैदानाचे एक वैशिष्ट्य पैजेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. शेवटच्या अडथळ्यानंतर विजयरेषेपर्यंतचा मार्ग चढणीचा आहे. पुढे असलेला घोडा या चढणीवर थकून मागे पडू शकतो. त्यामुळे निकाल अखेरच्या काही क्षणांपर्यंत अनिश्चित राहतो. त्यातच अडथळ्यावर पडण्याची शक्यता असते. सर्वांत गुणवान घोडाही एका चुकीच्या उडीमुळे बाद होऊ शकतो. अनिश्चिततेचा हा अंश पैजेचे भाव ठरवतो आणि प्रेक्षकांचा आनंदही वाढवतो.

भावाची रचना

मैदानावर पैज स्वीकारणाऱ्या व्यावसायिकास बुकमेकर म्हणतात. तो प्रत्येक घोड्याचा ‘भाव’ जाहीर करतो. एखाद्या घोड्याचा भाव ३/१ असेल, तर १ पौंड लावणाऱ्यास घोडा जिंकल्यावर ३ पौंड नफा आणि मूळ १ पौंड असे एकूण ४ पौंड मिळतात. याचाच अर्थ असा की, त्या घोड्याच्या विजयाची शक्यता २५ टक्के आहे, असे तो भाव सूचित करतो.

चार घोड्यांची एक काल्पनिक शर्यत घेऊ. त्यांचे भाव अनुक्रमे ६/४, २/१, ३/१ आणि ९/१ आहेत. त्यांतून सूचित होणाऱ्या शक्यता अनुक्रमे ४०, ३३.३३, २५ आणि १० टक्के येतात. चारांपैकी एकच घोडा जिंकणार असल्याने शक्यतांची बेरीज १०० असावयास हवी. परंतु येथे ती १०८.३३ येते. वरच्या या ८.३३ ला इंग्रजी व्यवहारात ‘ओव्हरराउंड’ असे म्हणतात. बुकमेकरने या चार घोड्यांवर अनुक्रमे ४०, ३३.३३, २५ आणि १० पौंड स्वीकारले, तर त्याच्याकडे एकूण १०८.३३ पौंड जमा होतात. कोणताही घोडा जिंकला, तरी त्याला १०० पौंडच द्यावे लागतात. उरलेली रक्कम, म्हणजे जमा रकमेच्या सुमारे ७.७ टक्के, त्याच्याकडे राहते.

प्रत्यक्षात पैशांची विभागणी इतकी समतोल नसते. लोकप्रिय घोड्यावर अधिक पैसे येतात, बुकमेकर त्याचा भाव कमी करतो व इतरांचे भाव वाढवतो. काही शर्यतींत तो मोठा तोटाही सोसतो. तथापि अनेक शर्यतींच्या सरासरीत वरील तत्त्व टिकून राहते. धावणाऱ्या घोड्यांची संख्या वाढली की ओव्हरराउंड सामान्यतः वाढतो, हेही लक्षात घेतले पाहिजे.

टोट पद्धतीत हे तत्त्व अधिक उघड असते. तेथे सर्वांचे पैसे एकत्र जमा होतात, त्यांतून ठरावीक कपात केली जाते आणि उरलेली रक्कम विजेत्यांमध्ये त्यांनी लावलेल्या रकमेच्या प्रमाणात वाटली जाते. म्हणजे पैज लावणारा इतर पैज लावणाऱ्यांविरुद्धच खेळत असतो, आणि कपातीएवढा तोटा समूहाला निश्चितपणे होतो.

चार दिवसांत प्रत्येक शर्यतीवर १० पौंड लावणारा प्रेक्षक एकूण २८० पौंड लावतो. वरील दराने त्याचा अपेक्षित तोटा साडेएकवीस पौंडांच्या आसपास येतो. ही सरासरी आहे. एखाद्याचे २०० पौंड जातील, तर दुसरा तेवढेच जिंकेल. व्यक्तीचे भवितव्य अनिश्चित, परंतु समूहाचे भवितव्य जवळजवळ निश्चित, असे हे द्वंद्व आहे.

साखळी पैज आणि २०१५ चा प्रसंग

अनेक शर्यतींतील घोडे एकत्र जोडून लावलेल्या पैजेस ‘अक्युम्युलेटर’ म्हणतात. तिला साखळी पैज म्हणता येईल. पहिला घोडा जिंकला की मिळालेली संपूर्ण रक्कम दुसऱ्यावर, त्यानंतर तिसऱ्यावर अशी पुढे जाते. एकही कडी तुटली तर सर्व रक्कम जाते.

१० मार्च २०१५ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या महोत्सवाच्या पहिल्याच दिवशी, आयरिश प्रशिक्षक विली मुलिन्स यांच्या चार घोड्यांवर असंख्य लोकांनी अशी साखळी लावली होती. जॉकी रूबी वॉल्श याच्यासह ‘डूवान’ २/१, ‘अन द सो’ ४/६ आणि ‘फॉगहीन’ ४/५ या भावांनी जिंकले. चौथी कडी ‘अॅनी पॉवर’ ही घोडी होती आणि तिचा भाव १/२ इतका कमी होता. ती आघाडीवर असताना शेवटच्या अडथळ्यावर पडली. मुलिन्स यांचीच ‘ग्लेन्स मेलडी’ ही दुसरी घोडी शर्यत जिंकली. बुकमेकरांना द्यावे लागणारे कोट्यवधी पौंड एका उडीने वाचले, असे त्या वेळी बातम्यांत सांगण्यात आले.

शर्यत सुरू होतानाच्या या भावांनी हिशेब केला, तर चारही घोडे जिंकल्यास १० पौंडांचे १३५ पौंड झाले असते. म्हणजे चारही विजयांची एकत्रित शक्यता या भावांनुसारही सुमारे साडेसात टक्केच होती. प्रत्येक घोडा स्वतंत्रपणे ‘खात्रीचा’ वाटत असल्याने चौघांची साखळीही खात्रीची वाटली. संभाव्यतेच्या गुणाकाराबद्दलचा हा सार्वत्रिक गैरसमज होय. शिवाय बुकमेकरचा वाटाही साखळीत गुणाकाराने वाढतो. प्रत्येक शर्यतीत ओव्हरराउंड ८.३३ असेल, तर चार कड्यांच्या साखळीत अपेक्षित परतावा १०० पौंडांमागे सुमारे ७३ पौंड एवढाच उरतो. एका शर्यतीत पावणेआठ टक्के असलेला तोटा येथे २७ टक्क्यांवर जातो.

लांब भावाचे आकर्षण

याउलट ज्या घोड्याकडे फारसे कोणी पाहत नाही, त्याच्याही विजयाच्या कथा चेल्टनहॅममध्ये आहेत. १९९० च्या गोल्ड कपमध्ये ‘नॉर्टन्स कॉइन’ हा घोडा १००/१ या भावाने जिंकला. त्याचे प्रशिक्षक सिरेल ग्रिफिथ्स हे वेल्समधील दुग्धव्यवसाय करणारे शेतकरी होते आणि शर्यतीच्या दिवशी सकाळी गाईंच्या धारा काढून ते मैदानावर आले होते. २०२५ चा महोत्सव तर अशा धक्क्यांनीच भरलेला होता. चॅम्पियन हर्डलमध्ये सर्वांचा आवडता ‘कॉन्स्टिट्यूशन हिल’ पडला, त्यानंतर आघाडीवरील ‘स्टेट मॅन’ शेवटच्या अडथळ्यावर पडला आणि २५/१ भावाची ‘गोल्डन एस’ विजयी झाली. त्याच महोत्सवात ट्रायम्फ हर्डल १००/१ भावाच्या ‘पोनिरॉस’ने जिंकली. २०२३ व २०२४ चा विजेता ‘गॅलोपिन दे शॉं’ याला गोल्ड कपमध्ये पराभव पत्करावा लागला.

अशा कथा टिकतात आणि पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. परंतु लांब भावाचे जे असंख्य घोडे हरले, त्यांच्या कथा होत नाहीत. ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकॉलॉजी’मध्ये १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासापासून अनेक संशोधकांना असे आढळले आहे की, लांब भावाच्या घोड्यांवर लोक त्यांच्या खऱ्या शक्यतेपेक्षा अधिक पैसे लावतात आणि आवडत्या घोड्यांवर तुलनेने कमी. परिणामी लांब भावाच्या पैजेतील सरासरी तोटा अधिक असतो. डॅनियल कानमन व एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या ‘प्रॉस्पेक्ट’ सिद्धान्तानुसार माणूस अत्यल्प शक्यतेला मनात अवाजवी वजन देतो. याच लेखात त्यांनी आणखी एका ज्ञात निरीक्षणाची दखल घेतली आहे. शर्यतींचा दिवस पुढे सरकतो तसतसा लांब भावाच्या घोड्यांकडे लोकांचा कल वाढतो. दिवसभरात झालेला तोटा मनाने स्वीकारलेला नसतो आणि तो एका फटक्यात भरून काढण्याची इच्छा बळावते. ‘गेलेले परत मिळवू’ हा विचार आनंदाच्या पैजेचे रूपांतर हानीच्या पैजेत करतो.

ज्ञान, कौशल्य आणि त्यांची मर्यादा

अश्वशर्यत म्हणजे निव्वळ नशीब नव्हे. घोड्याची पूर्वकामगिरी, मैदानातील ओलावा, अंतर, वजन, जॉकी व प्रशिक्षक यांचा अभ्यास करणारा प्रेक्षक अजाण प्रेक्षकापेक्षा चांगला अंदाज बांधू शकतो. फ्रेंच विचारवंत रोजे काय्वा यांनी १९५८ मधील आपल्या ग्रंथात खेळांचे जे वर्गीकरण केले, त्यात स्पर्धा आणि दैव हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. अश्वशर्यतीत ते एकत्र येतात. घोडे व जॉकी यांच्यासाठी ती स्पर्धा असते, तर पैज लावणाऱ्यासाठी तिच्यात दैवाचा अंश मोठा असतो.

परंतु येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घेणे आवश्यक आहे. घोडा चांगला आहे, हे जाणणे पुरेसे नसते. कारण ते इतरांनाही ठाऊक असते आणि भावात आधीच उतरलेले असते. भावात न उतरलेले काही ठाऊक असेल, तरच दीर्घकालीन लाभ संभवतो. एवढेच नव्हे, तर ते ज्ञान ओव्हरराउंड भरून काढण्याइतके मोठे असावे लागते. असे करू शकणारे लोक थोडे असतात. जे सातत्याने जिंकतात, त्यांच्या खात्यावर अनेक ब्रिटिश बुकमेकर कंपन्या रकमेची मर्यादा घालतात, ही तेथील पंटरांची जुनी तक्रार आहे. कौशल्य असूनही ते अमर्याद वापरता येत नाही, असा याचा अर्थ होतो.

आनंद कशाचा ?

मग या महोत्सवातील आनंदाचा उगम कोठे आहे ? त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण सहभागाचे आहे. पाच पौंडांची पैज लावल्याबरोबर अनोळखी घोडा ‘आपला’ होतो. दोन मैलांच्या शर्यतीतील सुमारे चार मिनिटे प्रेक्षक त्या घोड्याच्या प्रत्येक उडीसोबत जगतो. महोत्सवातील पहिली शर्यत सुरू होताच हजारो कंठांतून एकाच वेळी उठणारा घोष ‘चेल्टनहॅम रोअर’ या नावाने ओळखला जातो. त्या क्षणी कोणीही हरलेला नसतो.

दुसरे कारण सामाजिक आहे. आयर्लंडहून मोठ्या संख्येने येणारे प्रेक्षक, १७ मार्चच्या सुमारास येणारा सेंट पॅट्रिकचा दिवस, आयरिश आणि ब्रिटिश घोड्यांमधील चुरस यांमुळे पैजेला समूहभावनेची जोड मिळते. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७२ मध्ये बाली बेटावरील कोंबड्यांच्या झुंजीचे विश्लेषण करताना दाखवून दिले की, तेथे पैशापेक्षा प्रतिष्ठा व नाती पणाला लागलेली असतात. चेल्टनहॅममध्येही आयरिश प्रेक्षक आयरिश घोड्यावर पैसे लावतो, तेव्हा तो केवळ भाव पाहत नसतो.

तिसरे कारण बौद्धिक आहे. अंदाज बांधणे, तो मित्रांपुढे मांडणे आणि काही मिनिटांत त्याची परीक्षा होणे, यांत एक विशेष समाधान असते. रक्कम लहान असली तरी ‘आपण ओळखले’ हा अभिमान मोठा असतो. म्हणूनच लहान रकमेच्या ‘ईच-वे’ पैजा लोकप्रिय आहेत. या प्रकारात निम्मी रक्कम विजयावर व निम्मी पहिल्या काही क्रमांकांवर लागते. बारा घोड्यांच्या साध्या शर्यतीत २०/१ भावाच्या घोड्यावर ५ व ५ असे १० पौंड लावले आणि तो दुसरा आला, तर विजयाचे ५ पौंड जातात. पण क्रमांकाच्या ५ पौंडांवर एक-पंचमांश भावाने २० पौंड नफा मिळतो. निव्वळ १५ पौंड हाती येतात. हरलेल्या घोड्यानेही आनंद द्यावा, अशी ही योजना आहे.

या तीनही कारणांत पैज हे साधन आहे, साध्य नव्हे. नाटकाचे तिकीट काढणारा प्रेक्षक ते पैसे परत मिळतील अशी अपेक्षा करीत नाही. पैजेतील अपेक्षित तोटा हे त्याच स्वरूपाचे मोल आहे. फरक एवढाच की, तिकिटाची रक्कम आधी ठरलेली असते. पैजेची मर्यादा प्रेक्षकाला स्वतः ठरवावी लागते. आनंदाचे हे मोल केवळ पैजेपुरते नसते, हेही उपस्थितीवरून दिसते. २०२२ मध्ये चार दिवसांत २ लाख ८० हजारांहून अधिक प्रेक्षक आले होते. २०२५ मध्ये ही संख्या सुमारे २ लाख १९ हजारांवर आली. प्रवेशशुल्क, निवास आणि खानपानाचे वाढलेले दर यांची तेव्हा बरीच चर्चा झाली.

आनंदाची सीमा आणि शासनाची भूमिका

सर्वांनाच ही मर्यादा पाळता येत नाही. भ्रमणध्वनीवरून चोवीस तास पैज लावण्याची सोय झाल्यानंतर महोत्सवाचे चार दिवस संपले, तरी पैज संपत नाही. मैदानावर दोन शर्यतींमध्ये अर्ध्या तासाहून अधिक अवकाश असतो. त्या अवकाशात गप्पा होतात, विचारही होतो. पडद्यावर तो अवकाश उरत नाही. ब्रिटनमध्ये उसन्या पैशांनी पैज लावली जाऊ नये म्हणून एप्रिल २०२० पासून क्रेडिट कार्डावर बंदी घालण्यात आली. जुगाराच्या दुष्परिणामांवरील उपचार व संशोधन यांसाठी एप्रिल २०२५ पासून कंपन्यांवर अनिवार्य आकारणी सुरू झाली. पैज लावणाऱ्याची आर्थिक कुवत तपासावी, या प्रस्तावावर मात्र तेथे मतभेद आहेत. अशा तपासणीमुळे ग्राहक बेकायदा बुकींकडे वळतील, अशी शर्यतक्षेत्राची भीती आहे. तर हानी झालेल्या कुटुंबांच्या दृष्टीने ही तपासणी उशिरा सुचलेले शहाणपण आहे.

भारतीय संदर्भ

या विवेचनाचा भारताशीही संबंध आहे. मुंबईतील महालक्ष्मी रेसकोर्सवर १८८३ पासून शर्यती होत आल्या आहेत आणि इंडियन डर्बी १९४३ पासून सुरू झाली. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अश्वशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला. हा निर्णय कायद्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. परंतु त्यातून ‘कौशल्याने सर्वांना जिंकता येते’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. ओव्हरराउंड किंवा टोटची कपात न्यायालयाच्या निर्णयाने नाहीशी होत नाही.

करआकारणीच्या बाबतीत दोन्ही देशांतील फरक बोलका आहे. ब्रिटनने ऑक्टोबर २००१ मध्ये पैजेच्या रकमेवरील कर रद्द करून बुकमेकरच्या ढोबळ नफ्यावर कर लावण्यास सुरुवात केली. भारतात वस्तू व सेवा कर पैजेच्या पूर्ण दर्शनी मूल्यावर लावला जातो. त्याचा दर आधी २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. पूर्ण रकमेवर एवढा कर असता कायदेशीर टोटवर दीर्घकाळ तग धरणे कुशल पंटरलाही अवघड होते आणि कर न भरणाऱ्या बेकायदा बुकीचा भाव आकर्षक ठरतो. व्यसनाला आळा घालण्याचा हेतू योग्य असला, तरी पैज नोंद असलेल्या जागेतून नोंद नसलेल्या जागेत गेल्यास दुर्बल घटकांचे संरक्षण आणखी कठीण होते, याचा विचार धोरणकर्त्यांनी करणे आवश्यक आहे.

समारोप

चेल्टनहॅमच्या उदाहरणावरून असे दिसून येते की, पैजेतील आनंद आणि पैजेतील तोटा या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. तोटा हे त्या आनंदाचे मोल आहे. हे मोल आधी ठरवून, परवडेल एवढेच देणारा प्रेक्षक फसवला जात नाही. पैजेला उत्पन्नाचे साधन मानणारा, किंवा गेलेले पैसे परत मिळविण्यासाठी पुढची पैज लावणारा मात्र त्याच गणिताचा बळी ठरतो. भाव, शक्यता आणि साखळी पैजेतील गुणाकार या संकल्पना पदवीपूर्व स्तरावरील संख्याशास्त्राच्या आवाक्यातील आहेत. आज पैजेची साधने विद्यार्थ्यांच्या हातातील भ्रमणध्वनीपर्यंत पोहोचली आहेत. अशा वेळी निव्वळ नैतिक उपदेशापेक्षा १०८.३३ आणि १०० यांतील फरक वर्गात फळ्यावर मांडून दाखविणे अधिक परिणामकारक ठरेल. अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, मानसशास्त्र आणि विधी या विषयांच्या अध्यापकांना या कामी एकत्र येता येईल.